धाब्यावरचे सूर्यनमस्कार

माझ्या तोंडावर पहिल्यांदा माती पडली ती रथसप्तमीच्या सकाळी. चिमूटभरच होती. मी तोंड पुसलं, उंदीर असावा असं समजून कूस बदलली आणि पुन्हा झोपलो. दुसऱ्या दिवशी दोन चिमटी पडली. तिसऱ्या दिवशी तीन चिमटी पडली तेव्हा मात्र मी उठून बसलो, कारण मी शाळेत गणित शिकवत होतो आणि उंदीर इतके शिस्तीचे नसतात एवढं मला कळत होतं.

धुळ्यात, देवपुरातल्या एका शाळेत तेव्हा मी नवाच लागलो होतो. जळगावकडून आलेला एकटा माणूस. पांझरा नदीच्या जवळच एका गल्लीत मला खोली मिळाली. घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि काटक्यांवर वीतभर पांढरी माती थापून केलेलं सपाट छप्पर. पुढच्या दोन खोल्यांत घरमालक नाना आणि त्यांची बायको राहायचे. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. मागची खोली माझी.

नाना जन्मभर जिनिंग प्रेसमध्ये मापाडी होते. कापूस तोलून तोलून त्यांची नजरच तराजू झाली होती. माणूस समोर आला की नमस्काराच्या आधी त्याचं वजन सांगायचे. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, एक मण सोळा शेर. मग आतल्या बाजूला तोंड करून अक्कांना सांगितलं की हलका आहे, ठेवून घेऊ. स्वतः नाना सव्वादोन मणाच्या खाली नव्हते, पण ते वजन त्यांना कधी दिसलं नाही.

नानांची दुसरी ओळख म्हणजे अर्धी कामं. त्यांनी हातात घेतलेली एकही गोष्ट शेवटाला गेलेली नव्हती, आणि हे मी आकसाने म्हणत नाही, कारण त्यातल्या एका गोष्टीवर मी रोज झोपत होतो. ती बाज त्यांनी स्वतः विणायला घेतली होती. कमरेपर्यंत विणून झाली आणि त्यांचा उत्साह संपला. पुढच्या अर्ध्या भागावर त्यांनी एक फळी टाकून दिली होती. माझं वरचं अंग सुतळीवर आणि पाय फळीवर. अंगणात त्यांनी खणलेली विहीर होती, ती गुडघ्याइतकी खोल होती आणि अक्का तिच्यात राख टाकायच्या. पेटी शिकायला घेतली ती अकरा दिवस. चहा सोडला तो चार वेळा. आणि घराच्या बाजूने धाब्यावर जाणारा जिना होता, त्याला सहा पायऱ्या होत्या. सहाव्या पायरीवर उभं राहिलं की तोंडासमोर भिंत. तिथून पुढे शिडी लावून वर जायचं.

या जिन्यापायी अक्कांचं खरं नुकसान झालं होतं. आमच्या खानदेशात उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या धाब्यावर बिबडे घालायच्या. अक्कांचे गुडघे धरलेले, त्यांना शिडी चढवेना. त्या खाली अंगणात बाजेवर बिबडे घालून काठी घेऊन बसायच्या, आणि शेजारची शेळी त्यांच्यावर डोळा ठेवून बसायची. दर उन्हाळ्यात शेळीच जिंकायची. नाना दर उन्हाळ्यात म्हणायचे की यंदा जिना पुरा करतो. हे ऐकून अक्का कधीच रागावल्या नाहीत. रागावण्याच्या पलीकडे गेल्या होत्या त्या.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच माघात नानांनी जाहीर केलं की या रथसप्तमीपासून पुढच्या रथसप्तमीपर्यंत रोज सूर्यनमस्कार घालणार. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असा रोज एक वाढवत न्यायचा. एकही दिवस चुकवायचा नाही. त्यांनी तुळशीसमोर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असलेले मारवाडी शेटजी साक्षीला होते. त्यांनी पंचांगाचा हिशेब करून सांगितलं की आपलं मराठी वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं. मग नानांनी तुपाच्या एका रिकाम्या डब्यात तीनशे चोपन्न चिंचोके मोजून टाकले. रोज सकाळी त्यातला एक काढून फेकायचा आणि मग वर जायचं. डबा रिकामा झाला की संकल्प पुरा.

नानांचे जावई वरणगावच्या कारखान्यात होते. भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे. त्यांनी मुलीच्या हाती निरोप पाठवला की पंधरा दिवसांच्या पुढे गेलं तर कळवा. शेटजींनी महिनाभर दिला. अक्का तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पुरं व्हई त्या दिन मी सोता धाबावर येसू दखाले."

नानांनी ते ऐकलं. त्यांना वाईट वाटलं होतं. बायकोने आपल्याला जन्मभर अर्धवट म्हणून पाहिलं हे त्यांना माहीत होतं, आणि ती चुकत नव्हती हेही माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांना बाकी कोणाशी काही देणंघेणं राहिलं नाही. अक्कांनी वर येऊन बघायला हवं, एवढंच.

आता नमस्कार घालायचे ते अंगणात घालावेत की नाही? पण नानांचं म्हणणं, सूर्य पहिल्यांदा धाब्यावर येतो. बरं, धाबंही मोठं होतं, पण स्वयंपाकघरावर घालायला अक्कांनी बंदी केली, कारण खाली पिठात माती पडते. राहिली माझी खोली.

मी चौथ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. नानांनी मला शांतपणे समजावलं. "मास्तर, कालपेक्षा एकच जास्ती. एकले कोन घाबरस?" हे वाक्य पुढे मी वर्षभर ऐकलं. भाकरी वाढताना, भाजी आणताना, मुलांच्या अभ्यासाबद्दल, सगळीकडे तेच. मी बाजेवर जुनं धोतर बांधून छत केलं. महिन्याभरात ते मातीने ओथंबून खाली आलं. मग मी मुकाट्याने डोक्यावरून पांघरूण घ्यायला शिकलो. सकाळी अंगणात दात घासायला गेलो की अक्का विचारायच्या, "माटी पडनी का?" मी हो म्हटलं की त्या बरं म्हणून आत जायच्या. मला वाटायचं बाई माझी चौकशी करते आहे. ती माझी चौकशी नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. शेटजी हरले, जावई हरले. नानांचं पोट थोडं आत गेलं आणि छाती बरीच बाहेर आली. ते आता वजन सांगताना सल्लाही द्यायला लागले. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी भर रस्त्यात थांबवून सांगितलं की तुमच्यात बारा शेर फालतू आहे. हेडमास्तर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

वैशाखात चाळीसगावला नानांच्या नात्यात लग्न होतं. मलाही आग्रहाने नेलं. परतीची गाडी सकाळची. आम्ही फलाटावर पोचलो आणि समोर सूर्य उगवला. नानांनी पिशवी माझ्या हातात दिली, खिशातून चिंचोका काढून रुळांवर फेकला, सदरा उतरवला आणि फलाटावर उपरणं अंथरलं. तो सत्त्याण्णवावा दिवस होता. मी म्हटलं, नाना, गाडी उभी आहे, वीस मिनिटांत सुटेल, घरी जाऊन घाला. ते म्हणाले, घरी जाईपर्यंत सूर्य डोक्यावर येतो, तो कोवळा असतानाच घालायचे असतात. आणि सुरुवात केली.

पहिल्या दहा नमस्कारांत लोक लांबून बघत होते. विसाव्याला गोल कडं झालं. एक बाई आपल्या नातवाला नानांच्या पाया पडायला पुढे ढकलत होत्या, पण पाय एका जागी राहात नसल्याने त्याला ते जमेना. पोलीस आला, त्याने माझ्याकडे बघून हे काय आहे असं विचारलं. मी नानांना ओळखत नसल्यासारखा उभा होतो, पण त्यांची पिशवी माझ्या हातात होती. गोंधळात नानांची मोजणी चुकली. एकेचाळीस की बेचाळीस, यावर ते आडवे पडल्या पडल्याच अडकले. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे पिंजारी चाचा पुढे आले. गाद्या पिंजायची धनुकली खांद्यावर, दाढी पांढरी. जिनिंगमध्ये त्यांनी नानांना पाहिलेलं होतं. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "मापाडीसाब, गिनती मेरे पे छोडो. तुम सिरफ झुको."

मग चाचा मोजत होते, नाना झुकत होते आणि कडं वाढत होतं. सत्तराला गार्डाने शिट्टी दिली. मी ओरडलो. नानांनी ऐकलं नाही. गाडी हलली तेव्हा डब्यातले लोक खिडक्यांतून डोकी काढून चाचांबरोबर मोजत होते, आणि शेवटचा डबा फलाट सोडून जाईपर्यंत ऐंशी, एक्क्याऐंशी असं ऐकू येत राहिलं. त्या गाडीत चाचांचीही जागा होती, ती गेली. नाना सत्त्याण्णव पुरे करून उठले आणि चाचांना म्हणाले की तुम्ही एक मण एकतीस शेर. चाचा खूश झाले. आम्ही तिघांनी दुसऱ्या गाडीची वाट बघत दुपारपर्यंत केळी खाल्ली. माझी शाळा बुडाली. पण खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस हे पुरं करील.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिना म्हणजे जावयाचं वाण आलंच. वरणगावचे जावई आले, पाटावर बसले, अनारसे आणि पुरणाचे धोंडे खाऊन तृप्त झाले. नाना तेव्हा दीडशेच्या पुढे गेले होते. जावयांना त्यांनी मुद्दाम माझ्या खोलीत झोपवलं, म्हणजे सकाळी माती पडलेली त्यांना स्वतः अनुभवता यावी. जावयांनी तोंडातली माती थुंकून कबूल केलं की आपण चुकलो. नाना दिवसभर हसत होते. पुढे पावसाळा लागला. नाना पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन नमस्कार घालायला लागले आणि माझ्यावर मातीऐवजी चिखलाचे थेंब पडायला लागले. दिवाळीत ते तीनशेच्या जवळ पोचले होते. डब्यातले चिंचोके आता हलवले की सुटे सुटे वाजायचे.

शेवटचा चिंचोका निघाला तो संक्रांतीच्या आसपास. तीनशे चोपन्न नमस्कार घालायला तास निघून गेला. मी खाली पांघरुणात मोजत होतो. मोजायची सवयच लागली होती मला. शेवटचा झाला तशी वरून आरोळी आली आणि नाना शिडीवरून धडधडत उतरले. गल्लीला त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. शेटजी हार घेऊन आले होते. नाना अंगणात आले आणि थबकले. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्यासमोर दूध उतू घालतात. तिथे गोवऱ्या नव्हत्या, दूध नव्हतं, रांगोळीतला सूर्य नव्हता. अक्का ओट्यावर बसून हळदीकुंकवाची बोळकी पुसत होत्या.

नानांनी विचारलं, आज रथसप्तमी ना?

"रथसप्तमीले आखो महिना शे," अक्का म्हणाल्या.

शेटजींनी हार तसाच धरून मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. धोंड्याचा महिना. वर्ष तेरा महिन्यांचं होतं. ज्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी बसून अनारसे खाल्ले, जावयाला वाण दिलं, तो महिना कोणीही चिंचोक्यांत धरला नव्हता. गणिताचा मास्तर म्हणून मीही नाही. संकल्प रथसप्तमीपर्यंतचा होता, तुळशीसमोर पाणी सोडून केलेला, आणि रथसप्तमी पुढच्या महिन्यात होती.

शेटजी म्हणाले, चूक माझी आहे, देव काय समजून घेत नाही का, झालं समजा. गल्लीतही सगळे तसंच म्हणाले. नाना अक्कांकडे वळले. त्यांनी विचारलं की तुला माहीत होतं? अक्का म्हणाल्या, होतं, धोंड्याच्या महिन्यापासूनच. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही तेव्हाच सोडलं असतं. नाना सहाव्या पायरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले ते दुपारपर्यंत. जेवायला आले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की आता आपल्याच्याने होणार नाही, तीनशे चोपन्न म्हणजे काय थोडे झाले? मी तोंडाने बरोबर आहे म्हटलं. माझ्या मनात पहिला विचार स्वच्छ झोपेचा आला, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी माती पडली नाही. मला रोजच्या वेळी जाग आली आणि मी छताकडे बघत पडून राहिलो. तुळया कोरड्या, काटक्या गप्प. इतका वाईट मी त्या खोलीत कधी झोपलो नव्हतो. उजाडत आलं. मी उठून दाराशी आलो, तर पुढच्या खोलीतून खडखड आवाज आला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि अक्का त्यांच्या कानाशी तो तुपाचा डबा हलवत होत्या. डब्यात चिंचोके होते. रात्रीची आमटी करताना त्यांनी चिंच कोळली होती ती याच्यासाठी.

अक्का म्हणाल्या, "कालपेक्षा एकच जास्ती शे."

नाना उठले. त्यांनी डोळे पुसले, चिंचोका काढला, फेकला आणि शिडी चढले. सूर्य तेव्हा नदीपलीकडच्या झाडांत होता. मी परत येऊन बाजेवर पडलो, तोंडावरचं पांघरूण काढलं आणि माती पडू दिली. मला आनंद झाला होता, आणि ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

रथसप्तमीला आठ दिवस राहिले तेव्हा नानांच्या लक्षात एक गोष्ट आली. अक्का वर येणार कशा? ते माझ्याकडे आले आणि विचारलं की धाब्यापर्यंत अजून किती पायऱ्या लागतील. आम्ही दोघांनी दोरीने माप घेतलं. सात लागत होत्या. विटा, माती आणि चुना आला. पहिल्या दिवशी नानांनी एक पायरी बांधली. मी म्हटलं, एका दिवसात तीन होतील. ते म्हणाले, नको, तीनला मी घाबरतो. रोज नमस्कार झाले की एक पायरी. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सातवी पायरी धाब्याला लागली आणि शिडी अंगणात आडवी झाली.

रथसप्तमीला अक्कांनी आधी दूध उतू घातलं, मग पदर खोचला आणि जिना चढायला लागल्या. शेटजी खालून बघत होते. मी अक्कांच्या मागे होतो, पडल्या तर धरायला. प्रत्येक पायरीवर त्या थांबायच्या, पायाने दाबून बघायच्या आणि मग पुढची घ्यायच्या. शेवटच्या पायरीवर जरा जास्त वेळ थांबल्या, कारण ती अजून ओली होती. वर पोचून त्यांनी श्वास घेतला आणि नानांकडे न बघता पायाखाली बघितलं. माझ्या खोलीवरच्या मातीत दोन पावलांचे आणि दोन तळहातांचे खळगे पडले होते, ओंजळभर पाणी राहील एवढे. अक्का वाकल्या, तळहाताच्या एका खळग्यात आपला हात ठेवून बघितला आणि मग बाजूला मांडी घालून बसल्या.

नानांनी तीनशे चौऱ्याऐंशी नमस्कार घातले. पुष्कळ वेळ लागला. मधे दोनदा ते थांबले, पण अक्का उठल्या नाहीत. शेवटचा झाल्यावर नाना घामाने निथळत उभे राहिले आणि अक्का काही बोलतील म्हणून वाट बघत राहिले. अक्कांनी चारही बाजूंना नजर फिरवली, ऊन कुठून कुठे जातं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "यंदा बठ्ठा बिबडा आठेच वाळतीन."

बिबडे आता धाब्यावर वाळणार, नानांना तेवढं पुरलं. त्यांची छाती तेव्हा जशी फुगली तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम वर आणलेला डबा हातात घेतला, खाली उभ्या असलेल्या शेटजींना रिकामा डबा दाखवण्यासाठी उंच धरला आणि हलवला.

डब्यात चिंचोका वाजला.

नानांच्या तोंडावरचा रंगच गेला. त्यांनी झाकण काढलं. आत एकच चिंचोका होता. त्यांनी आधी शेटजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं की मास्तर, आणखी एखादा महिना राहिला का?

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तो मी टाकेल शे," त्यांनी कबूल केलं. "उद्याना शे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडावर माती पडली. मी कूस बदलली आणि मोजायला लागलो.